चोवीस गुरूंची दक्षिणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुपौर्णिमा जवळ आली की आपल्या गटांवर एकच विचारणा सुरू होते. यंदा गुरुचरणी काय अर्पण करायचं? कोणी म्हणतं शाल, कोणी म्हणतं फळांची परडी, कोणी मोठा हार सुचवतो. भाव चांगलाच आहे, त्याला आपण नावं ठेवत नाही. पण शाली पेटीत जातात, फळं वाटली जातात आणि हार दुसऱ्या दिवशी कोमेजतो. दक्षिणा म्हणजे गुरूंकडून जे घेतलं त्याची कृतज्ञ परतफेड. मग आधी हे बघायला हवं, की आपण घेतलं काय आणि घेतलं कोणाकडून?

आपली परंपरा दत्तप्रभूंची. दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान, मागे गाय आणि डोक्यावर औदुंबराची सावली. ही तसबीर आपल्या प्रत्येकाच्या देवघरात आहे. रोज नमस्कार करतो, पण तसबिरीत देवाशेजारी कोण कोण उभं आहे, याचा विचार किती वेळा करतो?

*यदुराजाचा प्रश्न*

भागवताच्या अकराव्या स्कंधात ही कथा आहे. याच स्कंधावर संत एकनाथ महाराजांनी आपला मोठा ग्रंथ लिहिला आणि १५७३ साली काशीक्षेत्री तो पूर्ण केला. कथा अशी, की यदुराजाला रानात एक अवधूत भेटला. अंगावर वस्त्र नाही, घर नाही, दार नाही, पण चेहऱ्यावर आनंद मावत नाही. राजाने हात जोडून विचारलं, "महाराज, आम्ही सगळं असून तळमळतो आणि तुम्ही काही नसताना एवढे सुखी कसे?" अवधूत म्हणाला, "राजा, मला चोवीस गुरू मिळाले." आणि त्याने एकेक नाव घेतलं. तोच अवधूत म्हणजे दत्तप्रभू, अशी आपली श्रद्धा.

आता ती नावं मोजा. मुलांना बोटांवर मोजायला लावा. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, समुद्र हे झाले आठ. कबूतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारीण माशी हे झाले अकरा. राहिले पाच, ते माणसं: मध काढणारा, पिंगला, लहान मूल, कुमारिका आणि बाण घडवणारा. म्हणजे चोवीसपैकी एकोणीस गुरू माणूसच नाहीत!

गुरूला कोणी विष पाजत नाही. गुरूच्या घरावर कोणी कचरा टाकत नाही. पण या एकोणीस गुरूंशी आपण कसं वागतो, ते घराबाहेर पाऊल टाकलं की दिसतं. म्हणून यंदाच्या गुरुपौर्णिमेला आम्ही सेवेकरी मंडळींनी ठरवलं, की या अंकात दक्षिणेचाच विचार करायचा.

*"हे आपलं काम आहे का?"*

हा विषय काढला की काही वडीलधारे म्हणतात, "आपण नामस्मरणाला जमतो. झाडं, तळी, पक्षी हे महानगरपालिकेचं आणि वनखात्याचं काम. त्यात आपण कशाला पडायचं?" प्रश्न मनापासून आहे, तेव्हा उत्तरही मनापासून द्यायला हवं.

नाथांचीच गोष्ट घ्या. काशीहून गंगेची कावड घेऊन मंडळी रामेश्वराला निघाली होती. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी कावड उघडली आणि रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल त्या गाढवाच्या मुखात ओतलं. बरोबरचे लोक हळहळले, एवढ्या लांबून आणलेलं तीर्थ वाया गेलं म्हणून. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच पावला होता. नाथांनी नामस्मरण सोडलं नव्हतं, त्यांचं नामस्मरण हातापर्यंत पोचलं होतं. आपलंही तेवढं पोचावं, एवढीच ही गोष्ट आहे. जपाची माळ ओढणाऱ्या हातानेच जर प्लास्टिकची पिशवी गटारात पडत असेल, तर माळ अजून हातापर्यंत आलेली नाही.

आता एकेका गुरूकडे जाऊ.

*पहिला गुरू: पृथ्वी*

अवधूताने सर्वांत आधी नाव घेतलं ते धरणीचं. लोक तिला खणतात, जाळतात, तुडवतात, तरी ती आपला धर्म सोडत नाही. आणि डोंगर, झाडं ही तिचीच लेकरं. त्यांच्याकडून शिकायचं ते दुसऱ्यासाठी जगणं.

आपल्या भागात मातीची पूजा घरात रुजलेली आहे. 'मण्णेत्तिन अमावास्ये'ला मातीची बैलजोडी करून पुजतो. गणपतीलाही आपण पार्थिव गणेश म्हणतो. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मूर्ती मातीची करायची, तिच्यात प्राण आवाहन करायचे आणि मग माती मातीला परत द्यायची, हा तो विधी. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पार्थिव कशी होईल? ती पाण्यात लवकर विरघळत नाही. आठ दिवसांनी तळ्याच्या काठावर हात तुटलेली, सोंड निखळलेली मूर्ती पडलेली दिसते तेव्हा आपल्यालाच बघवत नाही. वरून रंगातली रसायनं पाण्यात उतरतात ती वेगळीच. कर्नाटकात पीओपीच्या मूर्ती तळ्यांत, विहिरींत सोडायला बंदी आहे. पण कायद्यासाठी नको, पूजा खरी व्हावी म्हणून मातीची मूर्ती आणूया. लहान आणूया, बिनरंगाची किंवा हळद-गेरूच्या रंगाची. घरच्या बादलीत विसर्जन करून ते पाणी तुळशीला, झाडांना घालूया. मुलांना विचारा, त्यांना यात आनंदच वाटतो. बाप्पा आपल्याच अंगणात राहतात.

झाडांचंही तसंच. नुसतं झाड लावलं म्हणजे झालं असं नाही, कोणतं झाड लावलं ते बघावं लागतं. आपल्याच जुन्या धारवाड जिल्ह्यातल्या हानगल तालुक्यात कुसनूर गाव आहे. तिथल्या गायरानावर निलगिरीची लागवड झाली. निलगिरी गुरं खात नाहीत, तिच्याखाली गवत नीट येत नाही आणि गावाची चराई गेली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाने गावकऱ्यांना घेऊन तिथे सत्याग्रह केला. नाव होतं 'कित्तिको-हच्चिको', म्हणजे उपटा आणि लावा. निलगिरीची थोडी रोपं उपटली आणि त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडं लावली. दगडफेक नाही, शिवीगाळ नाही. साध्या माणसांनी केलेलं हे काम देशभर गाजलं.

आपण लावायची ती झाडं आपल्या देवानेच दाखवून ठेवली आहेत. औदुंबर, वड, पिंपळ, बेल, कडुनिंब, जांभूळ. औदुंबराला आपण प्रदक्षिणा घालतो, पण त्याची थोरवी प्रदक्षिणेच्या पलीकडची आहे. त्याला आणि वड-पिंपळाला रानात जेव्हा दुसरं फळ नसतं तेव्हाही फळ धरतं आणि त्यावर कितीतरी पक्षी, माकडं, वटवाघळं जगतात. धारवाडहून दांडेली फार लांब नाही. तिथे धनेश पक्ष्याच्या चार जाती राहतात आणि २०११ साली सरकारने तिथला भाग धनेशासाठी राखीव केला. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. बारीक फट तेवढी उघडी ठेवते आणि नर बाहेरून चोचीने एकेक फळ तिला भरवतो. त्या फळांत उंबर, वड, पिंपळ यांचा वाटा मोठा. धनेश बिया दूरवर टाकतो आणि रान पुन्हा उगवतं. आपण औदुंबराला नमस्कार करतो, धनेश औदुंबर पेरतो. दोघांत मोठा भक्त कोण, हे ज्याने त्याने ठरवावं.

*पाण्याला गुरू मानायचं तर*

आपल्या घरी नळाला येतं ते पाणी कुठलं, हे मुलांना माहीत आहे का? मोठ्यांनाही विचारून बघा. मुख्यतः ते मलप्रभेचं. मलप्रभा उगम पावते बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला. आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक त्या बाजूला आहे. तिथल्या दाट रानात पाऊस मुरतो, झऱ्यांतून नदीला येतो, नदी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पायथ्याशी नविलतीर्थ धरणात थांबते आणि तिथून आपल्या नळाला. त्याच खानापूरच्या रानातला भीमगड भाग २०११ साली अभयारण्य झाला. म्हणजे तिथे वाघरू, अस्वल, सांबर जपलं जातं तेव्हा आपल्या माठातलं पाणीही जपलं जातं. रान गेलं तर धरण राहील, पण धरणात गाळ राहील. आपल्या शहरातल्या बऱ्याच वस्त्यांना नळ किती दिवसांनी येतो, हे आया-बहिणींना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. धारवाड उंचवट्यावर वसलेलं आहे. त्या कण्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस मलप्रभेत, पुढे कृष्णेत आणि शेवटी पूर्व समुद्राला जातो. दुसऱ्या अंगाचा शाल्मलेतून बेडतीत, पुढे गंगावळी होऊन पश्चिम समुद्राला. म्हणजे धारवाडच्या एका गल्लीत गटारात टाकलेली पिशवी बंगालच्या उपसागराकडे निघते आणि शेजारच्या गल्लीतली अरबी समुद्राकडे. समुद्रही चोवीस गुरूंतला एक आहे, विसरू नका. दोन्ही समुद्रांना कचरा पाठवण्याची सोय देवाने आपल्याला दिली, तशी दोन्ही समुद्र जपण्याचीही दिली.

मग दक्षिणा काय? भाजीला जाताना कापडी पिशवी. प्रसादाला पत्रावळ किंवा घरची ताट-वाटी. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त. छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात किंवा जमिनीत. आणि निर्माल्य? निर्माल्य पिशवीत बांधून नदी-तळ्यात भिरकावण्याला शास्त्राचा आधार नाही. कुंडीत किंवा अंगणातल्या खड्ड्यात मातीखाली ठेवलं की दोन-तीन महिन्यांत त्याचं खत होतं. तेच खत पारिजातकाला घाला, पुढच्या वर्षी तीच फुलं पुन्हा देवाला येतील.

*मासा आणि आपली तळी*

मासा जिभेच्या लोभाने गळाला लागतो, म्हणून अवधूताने त्याला गुरू केला. आज आपल्या तळ्यांतला मासा गळाशिवायच मरतो. उणकलच्या तळ्याकडे बघा. संध्याकाळी आपण सहकुटुंब तिथे फिरायला जातो. सांडपाणी तळ्यात उतरलं की त्यातल्या साबण-मैल्यावर जलपर्णी माजते. जलपर्णी पाण्यावर हिरवी चादर अंथरते, खाली ऊन पोचत नाही, ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा गुदमरतो. त्यात आपण निर्माल्य आणि पीठ-पावाची भर घालतो. दया म्हणून टाकलेला पाव पाण्यात कुजतो, त्याने माशाचं भलं होत नाही.

आणि तळं जपलं तर काय होतं? गदग जिल्ह्यातल्या शिरहट्टी तालुक्यात मागडी नावाचं गाव आहे. तिथल्या तळ्यावर दर हिवाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून येतात. ते धान्य, गवत, कोवळे कोंब खातात आणि रात्री पाण्यावर विसावतात. गावकरी त्यांना छेडत नाहीत. २०२४ साली मागडीच्या तळ्याला रामसर स्थळ म्हणून जागतिक मान मिळाला. आपल्या जवळच्या खेड्यातलं एक साधं तळं! धारवाडात साधनकेरीच्या काठी द. रा. बेंद्रे राहिले. घरात मराठी आणि कवितेत कन्नड असा हा कवी, त्या तळ्याचं नाव घेतल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. तळं माणसाला मोठं करतं, माणसाने तळ्याला लहान करू नये.

*साप: पूजा दगडाची, काठी जिवंताला*

गुरुपौर्णिमेनंतर श्रावण आणि श्रावणात नागपंचमी. झोके, उंडे, माहेरवाशिणी. आपल्या उत्तर कर्नाटकात पंचमीचा सण मोठा. त्या दिवशी दगडाच्या नागाला दूध आणि दुसऱ्या दिवशी परसात खरा साप निघाला की काठी. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी याच विसंगतीवर बोट ठेवलं होतं. आठशे वर्षं झाली, आपण अजून तिथेच आहोत.

नाग दूध पीत नाही. दूध त्याचं अन्नच नाही. गारुडी त्याला दिवसेंदिवस तहानेने व्याकूळ ठेवतो, म्हणून तो जे मिळेल त्यात तोंड घालतो आणि ते दूध त्याला बाधतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून खेळवणं हा गुन्हा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीत नागाला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलं आहे. तेव्हा पंचमीला दारात टोपली आली तर पैसे देऊ नका. ते दूध वस्तीतल्या एखाद्या लेकराला द्या, नागदेव प्रसन्न होईल.

आणि भीती? भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे माणसाला जास्त धोका चार सापांपासून: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकीचे बहुतेक बिनविषारी. धामण तर उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य राखते. घराभोवती अडगळ, विटांचे ढीग, उष्टं-खरकटं ठेवलं नाही की उंदीर येत नाहीत आणि उंदीर नाहीत तर सापही येत नाही. अंधारात बॅटरी, जमिनीवर झोपताना मच्छरदाणी. साप दिसला तर लांब उभं राहून त्याला वाट द्या आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. नंबर आधीच घरात लिहून ठेवा. आणि कोणाला चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. जखम चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो हात किंवा पाय हलू न देता थेट मोठं हॉस्पिटल गाठा. सर्पविषावर उपाय एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन. गुरुकृपा तिथपर्यंत वेळेत पोचवते, असंच समजा.

*मधमाशी आणि पतंग*

मधमाशी प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेते आणि फूल दुखावत नाही. तिच्या येण्याने उलट फळ धरतं. आपल्या ताटातल्या कितीतरी भाज्या-फळांमागे तिचे कष्ट आहेत. अपार्टमेंटच्या गच्चीखाली आग्या मोहोळ लागलं की लगेच औषध फवारून ते मारायचं, ही आता रीत झाली आहे. ही माशी मुळात फिरस्ती. हंगाम संपला की पोळं सोडून जाते. मुलांच्या वाटेत नसेल, तर थोडी कळ काढूया. अडचण असेल, तर मोहोळ न मारता हलवणारा जाणकार शोधूया. आणि गॅलरीत तुळस, झेंडू, सब्जा लावूया. तुळशीच्या मंजिरीवर सकाळी माशी आली, की समजा देवपूजेला एक पाहुणा आला.

पतंग रूपाच्या मोहाने दिव्यावर जळतो. त्याला गुरू केलं ते त्याची चूक आपण करू नये म्हणून. पण आपण रात्रभर गच्चीवर, कंपाउंडला झगझगीत दिवे लावून त्याच्या मरणाची सोय करतो. रात्री फुलणाऱ्या कितीतरी फुलांचं परागीभवन पतंगच करतात. झोपताना बाहेरचा एक दिवा मालवणं ही या गुरूची दक्षिणा. वीजबिलही कमी येतं, तो प्रसाद समजा!

*हरीण, हत्ती आणि आपला प्रवास*

हुबळी-धारवाडकरांना एक गंमत ठाऊक आहेच. २०१८ पासून आपल्या दोन शहरांमध्ये धावणाऱ्या बसचं नाव 'चिगरी', म्हणजे हरीण. चोवीस गुरूंतला एक गुरू रोज आपल्याला ऑफिसला नेतो! त्या मार्गाचा रस्ता रुंद करताना मोठमोठी झाडं गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. झाडांनी एवढी किंमत दिली आहे, तर बस रिकामी जाऊ नये. आठवड्यातून दोन दिवस तरी गाडी घरी ठेवून चिगरीने जाऊया. खऱ्या चिगरी बघायच्या तर मुलांना हावेरी जिल्ह्यातल्या राणीबेन्नूरच्या अभयारण्यात न्या. काळविटांसाठी १९७४ साली ते राखलं गेलं.

हरीण गाण्याला भुलून फासात सापडतं, अशी अवधूताची शिकवण. आपण मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या करतो. घरटी सोडून पाखरं उडतात, कुत्री कोपऱ्यात थरथरतात, आजारी अज्जीला झोप लागत नाही. टाळ-मृदंगाने देव कधी रुसला का?

हल्याळ, खानापूर या बाजूला हत्ती भाताच्या शेतात येतात आणि शेतकऱ्याची झोप उडते. त्यांच्या वाटा तुटल्या, हे त्याचं एक कारण. आपण यात्रेकरू म्हणून रानातून जातो. उळवीच्या चन्नबसवेश्वरांची जत्रा तर भर रानातच भरते. रानातल्या रस्त्यावर गाडी हळू चालवा, हॉर्न आवरा. माकडांना केळी, चिप्स टाकू नका. टाकलेल्या खाऊपायी ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. नेलेली प्रत्येक बाटली आणि पुडी परत घरी आणा. रानात आपण गुरुगृही गेलेले शिष्य आहोत. गुरूच्या घरी कचरा सोडून येत नाहीत.

*कबूतर: दयेलाही विवेक हवा*

२०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद पेटला, ते आपण बातम्यांत पाहिलंच. त्यातून शिकण्यासारखं आहे. एका ठिकाणी पोतीच्या पोती धान्य ओतलं की कबुतरं बेसुमार वाढतात आणि त्यांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीने माणसांची फुप्फुसं दुखावतात. लहान पाखरांची जागाही जाते. अवधूताला कबुतराने शिकवलं ते हेच, की आंधळी माया सगळ्यांना जाळ्यात ओढते. म्हणून पाखरांना द्यायचं तर उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं मातीचं भांडं द्या आणि रोज धुऊन भरा. दाण्यापेक्षा दाणा देणारं झाड द्या. संक्रांतीला पतंग उडवलाच तर साध्या दोऱ्याने. काचेच्या किंवा नायलॉनच्या मांजाने घारी-बगळ्यांचे पंख कापले जातात, माणसांचे गळेसुद्धा.

*"एकट्याने काय होणार?"*

शेवटची शंका हीच असते. मोठमोठ्या खाणी, कारखाने, रस्ते, त्यापुढे आपली कापडी पिशवी ती किती?

गदगजवळ कप्पतगुड्ड नावाचा डोंगर आहे, औषधी वनस्पतींचं माहेर. त्या डोंगरात सोनं आहे आणि खाणीवाल्यांचा त्यावर डोळा. गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामीजी २०१७ साली लोकांबरोबर धरण्याला बसले. वय झालेलं, मठाचा व्याप मोठा. पण डोंगर राखणं हाही धर्मच, हे त्यांनी बसून दाखवलं. २०१८ साली स्वामीजी गेले. २०१९ साली कप्पतगुड्ड वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झालं. स्वामीजी एकटे नव्हते. त्यांच्यामागे शेतकरी होते, शिक्षक होते, रोज कामावर जाणारी तुमच्या-आमच्यासारखी माणसं होती. ज्याला घरात एक दिवा मालवायची सवय आहे, तोच वेळ आली की डोंगरासाठी उभा राहतो. ज्याने घरात कधीच काही सोडलं नाही, तो धरण्याला येत नाही. लहान नेमाचं मोल त्याने वाचलेल्या दोन पिशव्यांवर मोजू नका. तो नेम आपल्याला कसा माणूस करतो, ते बघा. रोजच्या एका माळेने जन्म पालटतो असं आपण मानतो ना? मग रोजच्या एका कृतीवरही तेवढीच श्रद्धा ठेवूया.

कुरर पक्ष्याची गोष्ट लक्षात ठेवा. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याच्यामागे लागले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. आपण पुढच्या पिढीला पेट्या भरून वस्तू ठेवून जाणार, की वाहती मलप्रभा आणि उणकलच्या पाण्यावर उतरणारा बगळा? आज तिसरीतलं मूल चोवीस गुरूंची नावं पाठ म्हणतं. ते मोठं झाल्यावर त्यातले किती गुरू त्याला प्रत्यक्ष दिसतील, हे आपल्या हातात आहे.

*यंदाचा संकल्प*

आम्ही सेवेकरी एवढंच विनवतो. गुरुपौर्णिमेला आरती झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी पाच मिनिटं एकत्र बसा. चोवीसपैकी एक गुरू निवडा. निवड घरातल्या सर्वांत लहान मुलाने करावी. त्या गुरूसाठी एकच नेम ठरवा, झेपेल असा आणि वर्षभर चालेल असा. पृथ्वी निवडली तर मातीचा गणपती. पाणी निवडलं तर निर्माल्याचा खड्डा. मासा निवडला तर तळ्यात काही न टाकण्याचा नेम. साप निवडला तर घरात नंबर लिहून ठेवणं आणि काठी न उगारणं. नेम कागदावर लिहून देवघरात ठेवा. गटावर फोटोंची गर्दी नको, जाहिरात नको. दत्तजयंतीला भेटू तेव्हा एकमेकांना विचारू, "अक्का, तुमचा गुरू कोणता? दक्षिणा चालू आहे ना?" मध्ये नेम मोडला तर मोडलेल्या माळेसारखा पुन्हा ओवायचा, सोडायचा नाही.

हा अंक घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्या सुना-नातवंडांना कन्नडमधून सांगा. धरणी, पाणी आणि पाखरं यांना दोन्ही भाषा कळतात.

सर्वांची सेवा सद्गुरुचरणी रुजू होवो. 🙏

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥